प्रेक्षक कोण?

पाचपैकी दोन.

बाकीच्या मार्कांचं मला काही नाही. पण ‘प्रेक्षकवर्गाचा विचार’ या रकान्यात पाचपैकी दोन, आणि समासात लाल पेनाने ‘प्रेक्षक कोण?’. त्या प्रश्नचिन्हाखालचा ठिपका असा दाबून दिलाय की मागच्या पानावर उमटला. परवा कॉलेजातून येताना डोंबिवली फास्टमध्ये चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकून मी तो ठिपका बोटाने चाचपत आलो.

प्रकल्प असा होता: थ्रिलर सिनेमाची सुरुवात करायची. सिनेमा नाही, फक्त पहिली दोन मिनिटं. पुढचा सिनेमा नसतो आणि तो असायची कोणाला गरजही नसते. म्हणजे पत्रिका छापायची, लग्न करायचं नाही. आणि मग ‘मी हे का केलं, कोणासाठी केलं’ यावर दीड हजार शब्दांचं आत्मपरीक्षण लिहायचं. आयुष्यात इतकं आत्मपरीक्षण मी एटीकेटी लागली तेव्हाही केलं नव्हतं.

माझी गोष्ट सोपी होती. रात्र. घरात एकटी मुलगी. दाराखालून एक पाकीट आत सरकतं. ती ते उचलते. बाहेर जिन्यात कोणीतरी उभा. तो सिगारेट विझवतो. काळोख, नाव, संपलं.

पहिला बळी सिगारेटचा गेला. सर म्हणाले, व्यावसायिक शिस्त पाळा. सिनेमात तंबाखू दाखवायची तर २०१२ पासून सुरुवातीला तीस सेकंदांची आरोग्य-सूचना आणि वर वीस सेकंदांचा इशारा, आणि मध्यावर पुन्हा तेवढंच. माझा सिनेमा १२० सेकंदांचा. त्यातली शंभर सेकंदं फुफ्फुसांना गेली की उरलेल्या विसात मुलगी, पाकीट, जिना आणि भीती बसवायची होती. म्हणून माझा खुनी शेंगदाणे खातो. खारे. जिन्यात उभा राहून, एकेक सोलून.

आता जागा. आमच्या घराला उंबरठा आहे, आजोबांनी हौसेने बसवलेला सागवानी. त्याखालून पाकीट सोडा, मुंगीसुद्धा वळसा घालून येते. चारही मजले पालथे घातल्यावर दाराखाली बोटभर फट असलेलं एकच घर सापडलं, तळमजल्यावरच्या आजींचं. आजी एकट्या राहतात, वय ७८, कान तीक्ष्ण. मी परवानगी मागायला गेलो तर म्हणाल्या, “कर की. पण मी माझ्या जागेवरून उठणार नाही हो.”

त्यांची जागा म्हणजे उघड्या दारातला पाट. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर मेथीची जुडी.

“आजी, शॉटमध्ये दार बंद लागेल.”

“कर बंद. मी आत बसते.”

“आत आमची हिरॉईन असणार. ती एकटी असते.”

“मग मला बघू नका तुम्ही.”

शेवटी तोडगा असा निघाला की आजी कॅमेऱ्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात बसतील. सिनेमात सावकारही कॅमेऱ्याच्या मागेच बसतो म्हणतात. चित्रीकरण सुरू झालं. मैत्रीण घाबरलेला चेहरा करून दाराकडे बघायला लागली.

“हिने लाइट का नाही लावला?”

“आजी, थ्रिलर आहे. अंधार लागतो.”

“बिल मी भरते, तिला काय होतंय लावायला?”

कट. दुसरा टेक. मैत्रीण दाराजवळ गेली, हात कडीकडे नेला.

“अगं, आधी भोकातून बघ!”

कट. तिसऱ्या टेकला मैत्रीणच माझ्याकडे वळून म्हणाली, “बरोबर आहे रे त्यांचं. मी भोकातून का बघत नाहीये?” दिग्दर्शक म्हणून माझा पहिला अपमान तिथे झाला. मी तिला थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉक सांगितला, कारण आठवड्यापूर्वी आम्हाला तोच शिकवला होता. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब टेबलाखाली आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल तर त्याच गप्पांवर पंधरा मिनिटं जीव टांगणीला. प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते पात्राला ठाऊक नसतं, सगळी गंमत त्यात आहे.

आजींनी मेथीची काडी मोडली. “आणि टेबलाखाली वाकून बघायला काय होतं त्यांना? आम्ही तर आधी तिथेच केर काढतो.”

मग त्यांनी खुन्याला बोलावलं. खुनी म्हणजे माझा वर्गमित्र, पाच फूट अकरा इंच, काळा रेनकोट, बाहेर मे महिना. “चालून दाखव.” त्याने चालून दाखवलं. “हा खून करायला चाललाय की दूध आणायला?” त्याने परत चालून दाखवलं. “आता दही आणायला.” चौथ्या फेरीनंतर त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, माझं हे पात्र नेमकं कोण आहे रे? तिचा नवरा? पोस्टमन? मला आत काहीतरी धरायला पाहिजे.

मला माहीत नव्हतं. खरं सांगतो, पाकीट कोणी टाकलं, का टाकलं, मी विचारच केला नव्हता. दोन मिनिटांचीच फी भरली होती. आत्मपरीक्षणात मी लिहिलं, ‘रहस्य प्रेक्षकांच्या कल्पनाशक्तीवर सोडले आहे.’ त्याला गुण मिळाले, हे वेगळं.

पाकिटानेही छळलं. रिकामं खाकी पाकीट सरकवलं की दुमडायचं, नाहीतर वाऱ्यावर तिरकं जाऊन शू-रॅकखाली. वजन यावं म्हणून घरी पळत जाऊन फ्रिजवरचा हाताला आला तो घडीचा कागद आत कोंबला, तेव्हा कुठे सातव्या टेकला ते सरळ आलं, झुळकन, अगदी मनात होतं तसं. आणि त्याच क्षणी वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. तीन. भात होता बहुतेक.

तंत्राचं सांगायचं तर आणखी एक घोटाळा झाला होता. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, आणि मोबाइलचा कॅमेरा मी साठाच्या हिशेबात ठेवलेला. जिन्यातल्या ट्यूबखाली सगळ्या चित्रावरून काळसर पट्टे वर सरकत राहिले, जुन्या टीव्हीवर सरकायचे तसे. मला ते रात्री दीड वाजता लॅपटॉपवर दिसलं आणि रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. कॉलेजचा कॅमेरा मिळाला असता तर ही वेळ आली नसती, पण तो आख्ख्या वर्गात एक, डिपॉझिट भरून दोन दिवस मिळणार, आणि त्याची बॅटरी पूर्ण भरलेली दाखवते आणि पुढच्या मिनिटाला डोळे मिटते. फीच्या पावतीवर ‘उपकरणे’ अशी स्वतंत्र ओळ आहे. तीही दोन मिनिटांची सुरुवात असावी, पुढचं दाखवायचं नसतं.

तर त्या पट्ट्यांवर सरांनी लिहिलंय: ‘पात्राची विस्कटलेली मनःस्थिती प्रकाशातून उत्तम व्यक्त.’ पाचपैकी चार. चुकीला चार आणि प्रेक्षकांना दोन.

आणि प्रेक्षकवर्ग म्हणून मी लिहिलं काय होतं? जे सगळ्यांनी लिहिलं तेच. ‘वयोगट १८ ते २४, शहरी, ओटीटी पाहणारा, रहस्यप्रेमी.’ सेन्सॉर प्रमाणपत्राच्या जागी ‘यूए १६+’, कारण २०२४ पासून यूएचे सात, तेरा आणि सोळा असे तीन भाग झालेत आणि सोळा जरा भारदस्त वाटतं. हा १८ ते २४ वयोगट वर्गातल्या प्रदर्शनाला प्रत्यक्ष हजर होता. साठ जण. पडद्यावर पाकीट सरकलं तेव्हा पहिल्या बाकावरचा एक कॅन्टीनमध्ये समोसे संपले का ते विचारत होता. मागे कोणी रील बघत होतं, तिचा आवाज माझ्या पार्श्वसंगीतात बेमालूम मिसळला. दिवे लागले तेव्हा एकानेच प्रतिक्रिया दिली, “शेंगदाणे भारी.” सर फोनवर होते. घाबरलं कोणी नाही, कंटाळलंही कोणी नाही. कंटाळायलासुद्धा आधी बघावं लागतं. म्हणून त्या लाल प्रश्नाचा राग येतो. प्रेक्षक कोण हे सरांनी त्या दिवशी मान वर करून पाहिलं असतं तर मलाही सांगता आलं असतं.

आजींना मी तो सिनेमा त्याच संध्याकाळी मोबाइलवर दाखवला होता. त्यांनी चष्मा पदराला पुसला, मोबाइल दोन्ही हातांत आरतीच्या तबकासारखा धरला आणि दोन मिनिटं पापणी लवू दिली नाही. पाकीट आत आलं तेव्हा “अगंबाई” म्हणाल्या. स्वतःचंच दार, स्वतःचीच फट, स्वतःसमोर सात वेळा सरकलेलं पाकीट, आणि तरी “अगंबाई”. मग काळोख झाला, नाव आलं.

“पुढे?”

“पुढे नाही, आजी. एवढंच.”

“एवढंच म्हणजे?”

“फक्त सुरुवात करायची होती.”

“आणि मेलं कोण?”

“अजून कोणी नाही.”

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आम्ही गिरगावात असताना बाबूराव अर्नाळकर वाचायचो. वडिलांच्या चोरून, पाठ्यपुस्तकात घालून. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. त्यांचा नायक झुंजार कुठेही अडकू दे, सकाळी शाळेत जायच्या आत सुटलेला असायचा. तुमच्यात अर्धवट कामाला मार्क देतात होय?”

तेव्हापासून तीन आठवडे मी जिना उतरायला घाबरतोय. दार किलकिलं असतं. दुधाची पिशवी घेऊन येताना: “तो तिचा दीर का रे?” कॉलेजला जाताना: “रेनकोट घातला म्हणजे बाहेरगावचा असणार.” एकदा रात्री अकराला: “शेंगदाण्याची टरफलं पोलिसांना सापडतील हो, सांग त्याला.” काल मी अगदीच घाईत होतो, म्हणून थाप मारली. म्हटलं, तो तिचा सावत्र भाऊ, इस्टेटीचं भांडण आहे.

आजींनी मान हलवली. पटलं नव्हतं, पण चालवून घेतलं. “आणि पाकिटात काय होतं?”

“मृत्युपत्र.”

“हं,” म्हणाल्या आणि आत गेल्या. आल्या तेव्हा हातात ते खाकी पाकीट होतं, मेथीच्या मातीचा डाग पडलेलं. “तुम्ही गेलात तसं इथेच राहिलं. मी उघडून बघितलं, गोष्टीचं काही असेल म्हणून.”

आत आमचं लाइटचं बिल होतं. गेले पंधरा दिवस आई जे फ्रिजवर, फ्रिजखाली, फ्रिजमागे शोधतेय आणि ज्याच्यासाठी बाबांशी दोनदा भांडली आहे, ते. शेवटची तारीख बारा.

काल एकोणीस होती.

“सावत्र भाऊ म्हणे,” आजी म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आधी भोकातून एकदा बघून.