साम्राज्य घालवायचंय? मग मराठवाड्यातल्या माणसाला विचारा

समजा तुमच्याकडं एखादं साम्राज्य आहे आणि ते सांभाळून तुम्ही कंटाळलात. लोक म्हणतात राज्य घालवायला क्रांतिकारक लागतात. काही नाही हो. रयतेला कुठं एवढा वेळ असतो, पेरणी असते, लग्नसराई असते, ते बिचारे आधी अर्जच करतात, वर 'मायबाप सरकार' लिहून करतात. खरी मेहनत तुम्हालाच घ्यावी लागते. आमची माणसं 1724 पासून 1948 पर्यंत आसफजाहीत, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या राज्यात राहिलेली, तेव्हा फुकटचा का होईना पण अनुभवाचा सल्ला समजा.

सुरुवात करापासून करा. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचं राज्य बघा. फ्रान्सशी सात वर्षं लढून 1763 ला जिंकले, कर्ज बोकांडी बसलं, मग 1765 ला अमेरिकेतल्या वसाहतींवर स्टॅम्प ड्यूटी लावली, पेपरवर, कोर्टाच्या कागदावर, अगदी पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा. लोक भडकले म्हणून पुढच्या वर्षी कर मागं घेतला. एखादा कच्चा खेळाडू इथंच थांबला असता. पण त्यांच्या पार्लमेंटनं त्याच टायमाला दुसरा कायदा केला की तुमच्यासाठी वाट्टेल तो कायदा करायचा हक्क आमचाच! पैसा तर गेलाच, पण लोकांचा राग तेवढा नीट जपून ठेवला. पुढं काच, रंग, कागद, चहा यांच्यावर जकात, परत बोंबाबोंब, परत माफी, फक्त चहावरची ठेवली, कशाला तर हक्क दाखवायला. 1773 ला बॉस्टनवाल्यांनी चहाच्या 342 पेट्या समुद्रात फेकल्या. आता फेकणारे शोधत बसू नका, अख्ख्या गावाचं बंदरच बंद करा, म्हणजे ज्याचा चहाशी काही संबंध नव्हता तोही तुमच्यावर चिडतो आणि ज्या वसाहतींचं आपसात पटत नव्हतं त्याच बॉस्टनला धान्य पाठवायला लागतात. तरी 1775 ला त्यांनी राजाला नम्रपणे एक शेवटचा अर्ज धाडलाच. राजानं तो घ्यायलासुद्धा नकार दिला. पुढच्या जुलैत झाले ते मोकळे.

गोळ्या घालायच्याच असतील तर सावकाश घाला. 1916 ला डब्लिनात बंड फसलं तेव्हा गावातलेच लोक बंडवाल्यांना शिव्या घालत होते. मग इंग्रजांनी रोज थोडे थोडे करत दहा दिवसांत तिथं 14 जणांना गोळ्या घातल्या, एक जखमी होता, उभं राहता येईना, तर त्याला खुर्चीला बांधून. दोनच वर्षांत पार्लमेंटातल्या आयर्लंडच्या 105 जागांपैकी 73 स्वातंत्र्य मागणाऱ्यांकडं गेल्या. जालियनवाला तुम्हाला माहीतच आहे, ते सांगत बसत नाही.

पण बंदी घालायला शिकायचं असेल तर आमच्या निजाम सरकारकडंच यावं. 1938 ला हैदराबाद स्टेट काँग्रेसचं बारसं व्हायच्या आधीच त्यांनी तिच्यावर बंदी घातली. घातली नसती तर आपल्या लोकांनी दोन ठराव केले असते, चहापाणी झालं असतं आणि अध्यक्ष कोण यावरून पाच-दहा वर्षं आरामात भांडले असते (आपल्या लोकांची मला पक्की गॅरंटी आहे). त्याच वर्षी औरंगाबादला कॉलेजची पोरं होस्टेलात वंदे मातरम् म्हणायली. म्हणू द्यायचं ना, परीक्षा आली की आपोआप गप झाली असती, पण नाही, मनाई केली, मग कॉलेजातून नावं कमी केली, मग ते लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलं आणि नागपूर विद्यापीठानं पोरांना दार उघडलं. त्या चळवळीपायी नागपूरला गेलेल्यांत एक पी. व्ही. नरसिंह राव होते. पुढं काय झाले ते सांगायला नको.

मास्तर लोकांचं पण तसंच. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याला आणि मग मोमिनाबादला, म्हणजे आत्ताच्या अंबाजोगाईला, शाळा चालवायचे. मास्तराला शाळेत राहू दिलं तर तो वह्या तपासण्यात म्हातारा होतो. जेलात टाकलं की पुढारी होतो, आणि यांनी तर परत परत टाकलं. सोबत लेव्हीचं, म्हणजे सक्तीचं धान्य वसूल करा, करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके ठेवा, कोर्टात आणि वरच्या वर्गात उर्दूच चालवा. मग 1947 ला लोक शिंदीची, म्हणजे जिच्या दारूवर सरकार कर घ्यायचं ती झाडं तोडायला लागतात, कारण तुमचा महसूल कुठून येतो ते त्यांना तोवर पाठ झालेलं असतं.

शेवटची पायरी, आपलं राज्य दुसऱ्याच्या हाती देऊन टाका. पदरी फौज असताना लातूरच्या एका वकिलाला, कासिम रझवीला, रझाकार नावाची खासगी फौज घेऊन गावोगाव मोकळं फिरू द्या. शोएबुल्ला खान नावाचा संपादक भारतात सामील व्हा असं लिहायचा, त्याचा ऑगस्ट 1948 ला हैदराबादेत खून झाला. म्हणजे जो शहाणपण सांगत होता तोही संपला. महिनाभरात पोलीस ॲक्शन, म्हणजे भारताची लष्करी कारवाई, 13 सप्टेंबरला सुरू, 17 ला खलास.

आणि घाबरू नका, तुमचं काही वाईट होत नसतं. निजाम साहेब 1950 पासून 1956 पर्यंत त्याच हैदराबादचे राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखे होते, तनखा वेगळा. पोलीस ॲक्शननंतर मार खाल्ला, घरं गमावली, जीव गमावला तो गावाकडच्या साध्या मुसलमानांनी, ज्यांनी निजामाचा चेहरा कधी पाहिलासुद्धा नव्हता. तेव्हा बाकी कशात कसूर झाली तरी चालेल, तनख्याचं कलम तेवढं आधी लिहून घ्या.