एक दिवस चुकला की सगळं शून्य? हे कोणी ठरवलं?

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, "खरा योद्धा घडवणारे ७ नियम". उगवत्या सूर्यासमोर हवेत किक मारणारा माणूस आणि खाली नियम. मला तो चार ग्रुपवर आला आणि चारही वेळा मी न वाचता पुढे गेले. मग कळलं की तो माझ्या भाचीच्या कराटे क्लासच्या ग्रुपवरही आलाय आणि तिनं तो अगदी मनावर घेतलाय.

भाची तेरा वर्षांची. कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडर चिकटवलेलं, त्यावर लाल स्केचपेननं २१ चौकोन आखलेले. कारण मेसेजमधला पहिलाच नियम असा की सलग २१ दिवस सराव केला की सवय कायमची लागते, पण मध्ये एक दिवस जरी चुकला तर परत शून्यापासून सुरुवात. एकोणिसाव्या दिवशी तिला ताप भरला. रात्री साडेदहाला ताई पाणी प्यायला उठली तर ही कपाटाचं हँडल धरून माए गेरी, म्हणजे समोरची किक, मारतेय, अंग चटके बसावेत इतकं तापलेलं, ओठ सुकलेले, आणि तोंडानं मोजतेय, बासष्ट, त्रेसष्ट. विसाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि तिला उठताच आलं नाही. मी भेटायला गेले तेव्हा एकोणीसच्या एकोणीस चौकोनांवर काट मारलेली, इतकी जोरात की कागद फाटलेला. मला म्हणाली, "मावशी, मी क्लास सोडतेय. माझ्यात ती जिद्दच नाहीये."

म्हणून हे लिहायला बसलेय. मी स्वतः ज्यूदो करते, सुरुवात केली त्याला सोळा वर्षं झाली, त्यात बाळंतपणानंतर दोन वर्षं मॅटवर पाय ठेवला नव्हता. या मेसेजच्या हिशोबानं मी कधीच बाद झालेले.

नियम १: सलग २१ दिवस, एक चुकला की शून्य

आधी हा २१ आकडा आला कुठून ते बघा. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लॅस्टिक सर्जन होते. त्यांनी १९६० साली लिहून ठेवलं की ऑपरेशन झालेल्या पेशंटला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस तरी लागतात असं त्यांच्या पाहण्यात आलं. एवढंच. चेहऱ्याची सवय, आणि "किमान". पुढे लोकांनी तो "किमान" गाळला, चेहरा गाळला, आणि २१ दिवसांत काहीही अंगवळणी पडतं असं करून टाकलं. एक दिवस चुकला की शून्य, हे तर त्यात कुठेच नाही, ती भर नंतर कोणीतरी स्वतःच्या मनानं घातलेली आहे.

सवयी कशा लागतात हे प्रत्यक्ष मोजून बघणारा एक चांगला अभ्यास आहे, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००९ साली आलेला. ९६ जण घेतले, प्रत्येकानं रोज करायची एक छोटी गोष्ट निवडली, जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, संध्याकाळी थोडं पळणं असलं काहीतरी, आणि १२ आठवडे रोज नोंद ठेवली की आज केलं का, आणि करताना किती आपोआप झालं. सवय पक्की व्हायला मधला आकडा आला ६६ दिवस. आणि माणसामाणसांत फरक किती, तर १८ दिवसांपासून थेट २५४ दिवसांपर्यंत (अभ्यास १२ आठवड्यांचाच होता, त्यापुढचे आकडे त्यांनी प्रत्येकाच्या आलेखावरून काढलेत). साधं पाणी पिण्यापेक्षा व्यायामाची सवय लागायला जास्त वेळ लागला, जे कोणीही मान्य करेल.

आणि आता खरी गोष्ट. त्याच अभ्यासात हेही तपासलंय की मध्ये एखादा दिवस चुकला तर काय होतं. उत्तर: फारसा काहीच फरक पडत नाही. सवयीचा आलेख जिथे होता तिथून पुढे सुरू राहतो. शून्यावर जात नाही. मी हे भाचीला दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा तिचा विश्वासच बसला नाही.

आणि शरीराचं तरी काय वेगळं आहे? एकोणीस दिवस तिनं गुडघा उचलला, कंबर लावली, पाय परत ओढून घेतला, ते एका तापानं पुसलं जात नाही. दोन वर्षांनी मी मॅटवर परत गेले तेव्हा दम पाच मिनिटांत संपला, पकड ढिली झालेली, पण पहिल्यांदा कोणी फेकलं तेव्हा हनुवटी आपोआप छातीला लागली आणि हात जमिनीवर आपटला. मला विचार करायलाही वेळ नव्हता. पडायचं कसं हे अंगात होतं तसंच होतं.

मला राग कशाचा आहे सांगते. शिकण्यात खंड सगळ्यांचाच पडतो, परीक्षा असते, पाळी असते, घरात आजारपण असतं, पाय मुरगळतो. खंड पडणं हा प्रॉब्लेमच नाही, परत येणं हे शिकण्यासारखं आहे, आणि हा मेसेज नेमका परत येण्याचा रस्ता बंद करतो. चुकलास, म्हणजे आता शून्य, म्हणजे आता पुन्हा डोंगर चढ. मग पोरं दुसऱ्यांदा चढत नाहीत, सोडून देतात, आणि वर स्वतःलाच दोष देतात. ज्या मुलीनं तापात त्रेसष्ट किक मारल्या तिला वाटतंय की तिच्यात जिद्द नाही! अजून किती जिद्द पाहिजे?

नियम २: तीन वर्षांत ब्लॅक बेल्ट नाही तर हे तुमचं काम नाही

याला फार वेळ देत नाही. बेल्ट ही काही हजारो वर्षांची परंपरा नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्यूदो सुरू केलं, १८८३ मध्ये दोन शिष्यांना पहिली दान श्रेणी, म्हणजे ब्लॅक बेल्टची पहिली पायरी, दिली. कराटेत ती पद्धत कराटेचे गुरू फुनाकोशी यांनी ज्यूदोकडूनच घेतली, १९२४ मध्ये. पिवळा, केशरी, हिरवा असे रंगीत बेल्ट युरोपात रुळले ते १९३०च्या दशकात, पॅरिसला शिकवणाऱ्या कावाइशींमुळे. आणि पहिल्या ब्लॅक बेल्टला जपानीत शोदान म्हणतात, त्यातल्या "शो"चा अर्थच सुरुवात. ब्राझिलियन जुजुत्सूत ब्लॅक बेल्टला साधारण दहा वर्षं जातात, मग ते सगळे नालायक का?

केइको फुकुदा यांचं सांगते. कानोंच्या शेवटच्या हयात शिष्या. बाई म्हणून त्यांना वर्षानुवर्षं पाचव्या दानच्या पुढे जाऊच दिलं नाही, सहावा दान मिळाला तो १९७२ मध्ये, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर. २०११ मध्ये अमेरिकन ज्यूदो संघटनेनं त्यांना दहावा दान दिला तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या आणि तेव्हाही शिकवत होत्या. बेल्ट अडला म्हणून त्या काही शिकायच्या थांबल्या नाहीत.

नियम ३: वेदना म्हणजे कमकुवतपणा शरीरातून बाहेर पडतोय, खरा योद्धा जखमेवरही सराव करतो

हा सगळ्यात घातक नियम. सवयीचा नियम पोरांना घरी बसवतो, हा दवाखान्यात पाठवतो.

दुखणं दोन प्रकारचं असतं आणि ज्यानं वर्षभर तरी सराव केलाय त्याला फरक कळतो. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरताना कळ लागते, दोन्ही बाजूंना सारखंच दुखतं, हललं की मोकळं होतं, ते ठीक. एकाच ठिकाणी टोचतं, सांध्यात दुखतं, सूज येते, हललं की वाढतं, त्यावर वजन टाकवत नाही, तिथे थांबायचं, विषय संपला. त्यात योद्धा वगैरे काही नाही.

आणि डोक्याला लागलं तर चर्चाच नको. आमच्या मॅटवर एका मुलाला रँडोरीत, म्हणजे मोकळ्या लढतीच्या सरावात, मागे फेकलं, हनुवटी आत घ्यायची राहिली, डोकं मागून आपटलं. तो लगेच उठला, वाकून नमस्कार केला, बेल्ट बांधायला लागला. गाठ दोनदा सुटली. मग त्यानं शेजारच्याला विचारलं, आपली मॅच झाली का. एक मिनिटानं परत तेच विचारलं. सरांनी तिथेच क्लास थांबवला आणि त्याला बाहेर बसवून घरच्यांना बोलावलं, डॉक्टरांनी पुढचे काही आठवडे मॅट बंद केली. मेंदू अजून सावरलेला नसताना दुसरा फटका बसला तर जिवावर बेतू शकतं, पोरांच्या बाबतीत तर जास्तच.

हे मी घाबरवायला सांगत नाहीये. जपानमध्ये, जिथे ज्यूदो जन्मलं, १९८३ पासूनच्या तीसेक वर्षांत शाळांमधल्या ज्यूदोत शंभराहून जास्त मुलं दगावली. त्यात नुकतीच सुरुवात केलेली मुलं खूप, आणि डोक्याच्या दुखापती खूप. हा हिशोब लोकांसमोर आल्यावर तिथे आरडाओरडा झाला, नियम बदलले. २०२२ मध्ये तर त्यांच्या राष्ट्रीय फेडरेशननं प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली, कारण मोठी माणसं जिंकण्याच्या मागे लागून पोरांना पिळत होती. ज्यांनी हे शोधलं ते थांबायला शिकले, आणि आपण मेसेज फॉरवर्ड करतोय.

ज्या ब्रूस लीचे फोटो असल्या मेसेजना लावतात, त्यांचीच पाठ १९७० मध्ये खांद्यावर वजन घेऊन पुढे वाकण्याच्या व्यायामात दुखावली. कित्येक महिने अंथरुणावर गेले. त्या काळात त्यांनी वाचलं, आपल्या लढण्याच्या पद्धतीवर वह्या भरून लिहिलं. सराव बंद होता, वाढ बंद नव्हती. पाय प्लॅस्टरमध्ये असला तरी मॅटच्या कडेला बसून दोघांची पकड बघता येते, कोण आधी खेचतो, कोणाचं वजन टाचेवर जातं, आणि खरं सांगते, मी माझ्या काही चुका अशा बसूनच शोधल्यात.

नियम ४: ज्याला मोटिव्हेशन लागतं तो योद्धाच नाही

यात थोडं तथ्य आहे, मान्य करावं लागेल. मूड येईल तेव्हा क्लासला जाईन असं म्हटलं तर आठवड्यातून एकदाही जाणं होत नाही. लॅलींच्या अभ्यासातही तेच, तीच वेळ, तीच जागा, तोच क्रम असला की गोष्ट आपोआप व्हायला लागते. मी बॅग आदल्या रात्री भरून दारात ठेवते, मग जाऊ की नको हा विचारच कमी होतो.

पण कंटाळा आला म्हणजे तुमच्यात आग नाही, हे साफ चूक. कंटाळ्याचं बहुतेकदा साधं कारण असतं: दोन वर्षं तोच वॉर्मअप, तोच पार्टनर, तेच तीन थ्रो. पार्टनर बदला. आपल्यापेक्षा जड माणसाबरोबर, हलक्याबरोबर, डावखुऱ्याबरोबर करा. नवीन आलेल्याला एक गोष्ट शिकवायला घ्या, आपल्यालाच किती नीट माहिती नाही ते कळतं. एका क्लासला एकच गोष्ट धरा, म्हणजे आज मी फक्त पकडीकडे लक्ष देणार, बाकी हरले तरी चालेल. स्वतःचा व्हिडिओ काढा आणि सहा महिन्यांनी बघा, कारण रोजच्या रोज प्रगती दिसतच नाही.

नियम ५: एकच किक १०,००० वेळा, बाकी काही करू नका

आकडा गोल आहे म्हणून छान वाटतो. चुकीची किक १०,००० वेळा मारली तर चुकीची किक पक्की होते, आणि सोबत कंबर जाते. शिवाय आलटून पालटून सराव केला तर करताना अडखळायला होतं, पण नंतर लक्षात जास्त राहतं, हे १९७९ मधल्या शे आणि मॉर्गन यांच्या हातांच्या हालचालींवरच्या प्रयोगापासून माहिती आहे. म्हणजे ज्या दिवशी सगळं विस्कटल्यासारखं वाटतं तो दिवस वाया गेलेला असेलच असं नाही.

नियम ६: तिशीनंतर सुरू करू नका

फुकुदांचं वर वाचलंत ना, वय झालं म्हणून त्या थांबल्या नाहीत. तिशीत विशीसारखं शरीर भरून येत नाही, विश्रांती जास्त लागते, तेवढं सांभाळा आणि या.

नियम ७: गुरूला कधीच प्रश्न विचारू नका

मोठ्या माणसानं स्वतःपुरतं काय करायचं ते करावं. पण हे वाक्य तेरा वर्षांच्या मुलांच्या ग्रुपवर टाकणं मला अजिबात पटत नाही. "सर, गुडघा दुखतोय" हा पण प्रश्नच असतो. "हे मला आवडत नाहीये, हात काढा" हे तर मुलांना बोलता आलंच पाहिजे. चांगला शिक्षक प्रश्नाला घाबरत नाही, उलट पोरगं गप्प झालं की त्याला काळजी वाटते.

भाचीच्या सरांना मी फोन केला. त्यांना मेसेज ग्रुपवर आलाय हेच माहिती नव्हतं, कोणा पालकानं टाकलेला. त्यांनी तो काढला आणि तिला निरोप दिला की ताप उतरून दोन दिवस झाले की ये, पहिले दोन क्लास फक्त काता, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकटीनं करायच्या, स्पॅरिंग म्हणजे समोरच्याशी लढत नाही. ती बुधवारी गेली. कॅलेंडर अजून तिथेच आहे, फाटलेला कागद मागून टेपनं चिकटवलाय, आणि बुधवारच्या चौकोनात तिनं स्केचपेननं २० लिहिलंय.