रिकामा हौदा

गेले तीन आठवडे आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय चाललाय: भाच्यानं टोयोटाची हायलक्स पिकअप घ्यावी की नाही. भाचा बेळगावात राहतो, भाग्यनगरात. काम उद्यमबागेत, स्कूटरवर दहा मिनिटं. बेळगुंदीला दोन एकर शेत आहे, तेही तिघांत. मी इकडून, टेक्सासमधल्या केटीहून, एवढंच लिहिलं की बाळा, गावात राहणाऱ्या माणसाला पिकअप रोज लागत नाही. लगेच उत्तर: "मामा, तुम्ही तिकडं एकटं बसून ट्रकातनं दूध आणायला जाताय, आणि आम्ही घेतला की माज काय?" खाली ताईचा अंगठा. त्याच्या खाली दाजींचा.

राग आला तो 'माज' या शब्दाचा. दुधाचं खरं आहे. काल संध्याकाळीच मी एक गॅलन दूध आणि कोथिंबीर आणायला एचईबी या किराणा दुकानात गेलो होतो. गाडी सव्वादोन टनांची, इंजिन सव्वातीनशे हॉर्सपॉवरचं, कोथिंबीर पुढच्या सीटवर. मागे टाकली तर उडून जाते.

पण इथं त्याकडे कोणी बघत नाही हो. आमच्या गल्लीत (कल-डी-सॅकला मी मनात गल्लीच म्हणतो) अकरा घरं आणि सात ट्रक आहेत. फोर्डची एफ-सिरीज 1977 पासून या देशातला सर्वांत जास्त खपणारा ट्रक आहे. ते काही सगळे शेतकरी घेत नाहीत. आमच्या सातांपैकी एक जण दातांचा डॉक्टर, एक शाळेत शिकवतो, एक माझ्यासारखा दिवसभर स्क्रीनसमोर. ट्रकांचे मागचे हौदे सगळ्यांचे चकचकीत. ज्याच्या हौद्यावर ओरखडा आहे तो माणूस खरं काम करतो, आणि तो सहसा आमच्या गल्लीत राहत नाही, गवत कापायला येतो.

ही आवड अशी आभाळातून पडलेली नाही, हे मी भाच्याला सांगायला गेलो होतो. साठीच्या दशकात युरोपनं अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली. चिडून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन साहेबांनी डिसेंबर 1963 मध्ये चार गोष्टींवर पंचवीस टक्के जकात बसवली: ब्रँडी, डेक्स्ट्रिन, बटाट्याचा स्टार्च आणि हलके ट्रक. बाकीच्यांची जकात पुढं उतरली, ट्रकांची राहिली. बाहेरचा ट्रक महाग झाला आणि घरच्या कंपन्यांना मैदान मोकळं मिळालं. मग 1975 च्या कायद्यानं गाड्यांना मायलेजचं बंधन आलं, त्यात ट्रकांना सवलत जास्त. कंपन्यांनी काय विकावं हे तिथंच ठरलं. म्हणजे दातांच्या डॉक्टरच्या दारात उभा असलेला ट्रक हा एका कोंबडीचा प्रताप आहे. एवढं सगळं मी मराठीत टाइप केलं, अर्धा तास लागला. भाच्यानं उत्तरादाखल कोंबडीचं चित्र पाठवलं.

बरं, आकड्यांनी बोलू. हायलक्स भारतात आली 2022 मध्ये. त्याआधी 2016 पासून इसुझूची व्ही-क्रॉस आहे. हायलक्स सव्वापाच मीटरहून लांब, रुंदी एक मीटर पंच्याऐंशी सेंटिमीटर, किंमत तीस लाखांच्या घरात. ही गाडी तो बेळगावातल्याच शहापुरात आजीला भेटायला घेऊन येणार. आमच्या शहापूरच्या घरासमोर दोन स्कूटर आणि एक म्हैस एकमेकांना वाट देताना मी लहानपणापासून बघत आलोय. तिथं ही गाडी वळवायची म्हणजे आधी म्हशीला विनंती करावी लागेल.

भाच्याचा मुद्दा रताळ्यांचा. आपल्या पश्चिम भागातली रताळी निघाली की पोती मार्केट यार्डात न्यायची असतात. कधी? दिवाळीच्या आगंमागं, दोन-तीन खेपा. आजवर त्या खेपा छोट्या हत्तीनं केल्या. आता माझ्या ट्रकाच्या दाराच्या आत एक पिवळा स्टिकर आहे. माणसं धरून किती वजन टाकायचं ते त्यावर लिहिलंय: 1,680 पौंड, म्हणजे 760 किलोच्या आसपास. आणि टाटानं 2005 मध्ये आणलेला छोटा हत्ती? 750 किलो. इंजिन दोन सिलिंडरचं, सोळा हॉर्सपॉवरचं. सोळा! जे ओझं मी सव्वातीनशे घोडे जुंपून नेतो, ते बेळगुंदीचा तो ड्रायव्हर सोळा घोड्यांत नेतो, दीड मीटर रुंदीत, आणि वर पोत्यांवर चार माणसं बसवून. (ती बसवू नयेत, हे मान्य.) हत्तीला हौदा शोभतो तो असा.

हे आकडे टाकल्यावर ग्रुपवर जरा शांतता झाली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

पण मग भाच्यानं नेमकं विचारलं: "मामा, मग तुमच्या हौद्यात वर्षभरात काय काय गेलं?"

माझ्याकडे हिशेब आहे. आमचे बाबा उद्यमबागेत छोटं मशिन शॉप चालवायचे, डिझेलचासुद्धा हिशेब वहीत असायचा, ती खोड माझ्यात उतरली. गेल्या वर्षी हौदा चौदा वेळा वापरला. मल्च (झाडांभोवती पसरायचा भुसा) चार वेळा. कुंपणाच्या फळ्या. कॉस्टकोतून फ्रीज. एक मेलेलं झाड. बाकी सहा-सात खेपा दुसऱ्यांच्या, त्यावर नंतर येतो. उरलेले साडेतीनशे दिवस मी पाच फूट साडेसहा इंचांची रिकामी पेटी मागं घेऊन आय-टेन हायवेवरून ऑफिसला गेलो आणि आलो, लिटरला आठ किलोमीटरनं. रिकामा असला की मागचा भाग पाट्यांच्या स्प्रिंगमुळं उड्या मारतो. गॅरेजात मावत नाही. दारात लावला तर बंपर फुटपाथवर येतो म्हणून एचओएची, म्हणजे इथल्या सोसायटीची, दोन पत्रं आलीत. होम डेपो या हार्डवेअरच्या दुकानाचा ट्रक भाड्यानं सव्वा तासाला वीस डॉलरच्या आसपास मिळतो. चौदा गुणिले वीस. आणि माझा हप्ता चौऱ्याऐंशी महिन्यांचा आहे. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. इथं लिहितोय.

तरी मला वाटत होतं की माझं वेगळं आहे आणि त्याचं वेगळं. अजूनही वाटतं. बेळगावात ट्रक लागला तर स्टँडवर उभा असतो. फोन केला की येतो, ड्रायव्हरसकट, आणि ड्रायव्हर कपाटाचं एक टोकही धरतो. इथं टोक धरायला माणूस नाही. त्यामुळं इथं माणूस यंत्र घेतो. गवत कापायचं यंत्र, पानं उडवायचं यंत्र, भिंतीला भोक पाडायचं यंत्र, आणि ही सगळी घरी आणायला ट्रक. बाबा कास्टिंग बजाज स्कूटरच्या पायाशी ठेवून फाउंड्रीतून आणायचे, दोन पायांत धरून, पावसात वर पोतं टाकून. जड असलं की शेजारच्या शेडवाल्याचा टेम्पो. टेम्पोचं भाडं कधी ठरलं नाही. दिवाळीला कुंद्याचा डबा जायचा तिकडं.

ट्रक मी का घेतला, तेही सांगून टाकतो. ऑगस्ट 2017. हार्वी चक्रीवादळाचा पाऊस चौथ्या दिवशीही थांबला नव्हता, जलाशय तुडुंब भरले होते, आणि पहाटे आमच्या रस्त्यावर गुडघ्यापर्यंत पाणी. माझी सेडान दारातच बुडाली. बायको, चार वर्षांचा मुलगा, पासपोर्टची पिशवी, आणि मी खिडकीत. समोरच्या घरातला माणूस उंच चाकांचा ट्रक घेऊन दारात आला, म्हणाला, चढा. त्यानं आम्हाला शाळेतल्या छावणीत सोडलं आणि परत फिरला, दुसऱ्यांना आणायला. चार वर्षं समोरासमोर राहत होतो. त्याचं नाव मला त्या दिवशी कळलं.

दोन वर्षांनी, 2019 च्या ऑगस्टमध्ये, बेळगावात पाणी भरलं तेव्हा धाकट्या भावाचा फोन आला होता. फ्रीज, गादी, देव, सगळं वरच्या मजल्यावर गेलं म्हणाला. कोणी नेलं? "गल्लीतल्या पोरांनी." त्याला हे सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, मी विचारलं म्हणून बोलला.

तर मी ट्रक घेतला तो पुराच्या भीतीनं, असं सगळ्यांना सांगतो. अर्धं खरं आहे. दुसरं अर्धं असं की ट्रक आला आणि लोक दार वाजवायला लागले. सोफा न्यायचाय, मुलीला कॉलेजच्या होस्टेलवर सोडायचंय, शनिवारी मोकळा आहेस का? त्याच त्या सहा-सात खेपा. ज्याच्याकडे ट्रक आहे त्याला इकडं सगळे राबवतात, यावर इथले लोक विनोद करतात. मला राबवलं की छाती फुगते. आठ वर्षं मी या गल्लीत 'तो कोपऱ्यावरचा इंडियन' होतो. आता मी 'ट्रक असलेला' आहे.

हे बेळगावकराला कळेल. आम्हाला कुठंही गेलं तरी आधी पासिंग विचारतात. इथल्या मराठी मंडळात गेलो तर पुण्याची मंडळी म्हणतात, बेळगाव? म्हणजे तुम्ही कर्नाटकातले. माझी बायको बेळगावची, "मी येतो" म्हणते, तर हसतात. कन्नड लोकांत गेलो तर माझं कन्नड ऐकून ते हसतात. गावाकडंही तेच. भाच्याचं पुढचं डोकं असं की कर्नाटकचा रोड टॅक्स जास्त, तर कोल्हापूरचं पासिंग करावं, एमएच 09. लगेच ग्रुप दोन तट. दाजी म्हणतात, 09 लावून बेळगावात फिरशील तर रोज पोलीस हात करतील. भाऊ म्हणतो, केए 22 घेऊन कोल्हापुरात गेलास आणि त्या दिवशी कुठं तरी बसला काळं फासलेलं असलं, तर काच फुटेल. एसटी सीमेवरच्या कोगनोळीला थांबली की आमच्याकडं लग्नं पुढं ढकलतात. हे मला विनोदी वाटायचं. तीस लाखांच्या गाडीचं काय होणार, असा विचार करताना हसू आलं नाही.

माझ्या टेक्सासच्या पाटीकडे बघून मला कोणी कधी विचारलेलं नाही की तू त्यांचा की आमचा. ट्रक आहे ना, मग आमचा. स्वस्तात पडलं, म्हणायचं. चौऱ्याऐंशी हप्ते.

गेल्या रविवारी भाच्यानं फोटो टाकला. भाड्याचं घर बदललं त्यानं, दोन गल्ल्या सोडून. छोट्या हत्तीत गोदरेजचं कपाट उभं बांधलेलं, त्याच्या भोवती पाच पोरं, एकाच्या डोक्यावर ताईचं तुळशीचं कुंडं. मी लिहिलं, बघ, काम झालं की नाही? आणि एवढी पोरं कुठून आणलीस?

"आली की. बोलवाय लागतंय काय?"

हायलक्सचं बुकिंग सोमवारी झालं. ते ताईनं वेगळा फोन करून सांगितलं.