फोन खाली ठेव आणि समोर बघ

डोकं फिरलंय माझं. शनिवारी इंग्लंडमधल्या टॉन्टनला, आमच्या सॉमरसेट काउंटी क्लबच्या मैदानावर, शेजारच्या खुर्चीवर एक जण येऊन बसला. अंगात सॉमरसेटची टी-ट्वेंटीची जर्सी, बोलायला लागला तर मराठी, ब्रिस्टलला राहतो म्हणे. बरं वाटलं. काउंटी चॅम्पियनशिपच्या चार दिवसांच्या मॅचला आपल्यातलं कोणी भेटतच नाही. मी डब्यातली थालीपीठं पुढे केली. पहिला तास छान गेला.

तीन वाजले. म्हणजे भारतात साडेसात. याने पाण्याच्या बाटलीला फोन टेकवला आणि आयपीएल लावली. आवाजासकट! पुढच्या रांगेतल्या आजोबांनी दोनदा वळून पाहिलं, तरी ढिम्म.

समोर काय चाललं होतं? आमचा स्पिनर पाच ओव्हर एकाच टप्प्यावर टाकत होता. बॅट्समन पाय पुढे काढून पॅडवर घ्यायचा, मान खाली, रन नाही. मग कॅप्टनने मिडविकेट काढून बॅटच्या अगदी जवळ शॉर्ट लेग लावला. ते पोरगं हेल्मेटचा पट्टा आवळत येऊन बसलं. स्पिनर क्रीझवर वीतभर बाहेर सरकला. आजोबांनी हातातलं सँडविच खाली ठेवलं. एक बॉल सोडला, दुसरा कसाबसा अडवला, तिसरा बॅटची आतली कड घेऊन पॅडवर आणि तिथून थेट शॉर्ट लेगच्या हातात. अख्खा स्टँड उभा!

आणि हा मान वर करून विचारतो, "काय झालं ताई?"

काय झालं? अर्धा तास जे होत होतं ते झालं! मग मोठ्या स्क्रीनवर रीप्ले बघितला, जांभई दिली आणि म्हणाला, "यात काही होतच नाही हो. आपला क्लब टी-ट्वेंटीचा आहे, तिकडेच लक्ष द्यावं. चॅम्पियनशिपच्या वर्षाला चौदा मॅच असतात, त्याच्या दहा केल्या तरी कोण रडणार आहे?"

मी रडणार आहे. हे आजोबा रडणार आहेत. १८७५ पासूनचा हा क्लब, आजतागायत एकदाही काउंटी चॅम्पियनशिप जिंकलेला नाही. एकदाही! २०१० मध्ये नॉटिंगहॅमशरचे आणि आमचे गुण सारखे, २१४ आणि २१४. त्यांचा एक विजय जास्त म्हणून ट्रॉफी तिकडे. २०१६ मध्ये आमची मॅच आधीच जिंकून झालेली, पोरं टॉन्टनला टीव्हीसमोर बसलेली. लॉर्ड्सवर मिडलसेक्स-यॉर्कशर ड्रॉ झाली असती तर आम्ही चॅम्पियन होतो. दोन्ही कॅप्टननी आपसात ठरवून ४० ओव्हरमध्ये २४० चं टार्गेट लावलं आणि रोलंड-जोन्सने हॅटट्रिक घेऊन मिडलसेक्सला जिंकवलं. २०१९ ला शेवटची मॅच इसेक्सशी, आमच्याच मैदानावर, तर पाऊस, मॅच ड्रॉ आणि ट्रॉफी त्यांना. वर पिच जास्त वळतं म्हणून २४ गुणांची शिक्षा, त्यातले १२ स्थगित ठेवून उपकार केल्यासारखे. हिरव्या पिचवर दीड दिवसात मॅच संपली तर कोणाच्या भुवया वर जात नाहीत. बॉल वळला की लगेच चौकशी! हे कुठलं क्रिकेट?

मी दादरची. वडिलांचं बोट धरून शिवाजी पार्कला पावसात कांगा लीग बघितलेली मुलगी आहे. मुंबईच्या ४२ रणज्या आहेत, आम्हाला त्रेचाळिसावीची भूक असते. इथे लोक पहिलीची वाट बघत म्हातारे झालेत. त्यांना तू सांगतोस की सोडून द्या?

आणि कोणी असं समजू नये की मला टी-ट्वेंटीचं वावडं आहे. २०२५ च्या ब्लास्टच्या, म्हणजे काउंट्यांच्या टी-ट्वेंटी स्पर्धेच्या, फायनलला हॅम्पशरने १९४ केल्या, विल स्मीडने ९४ ठोकल्या आणि आपण ट्रॉफी उचलली, तेव्हा मी इतकी ओरडले की दुसऱ्या दिवशी घसा बसला होता. २००५, २०२३, २०२५, तिन्ही आमच्या, तिन्हींचा अभिमान आहे. पण तोच स्मीड बघा. २०२२ मध्ये, जेमतेम एकविसाव्या वर्षी, एकही प्रथम श्रेणी सामना न खेळता त्याने लाल बॉल, म्हणजे चार-पाच दिवसांचं क्रिकेट, सोडून दिला. पोराला मी बोल लावणार नाही, त्याने त्याचा हिशोब केला. तो हिशोब असा का बसतो, याचा जाब कोणाला विचारायचा?

आणि टॉम बँटन! त्यालाही सगळ्यांनी टी-ट्वेंटीचा पोरगा म्हणून बाजूला ठेवलं होतं ना? एप्रिल २०२५ मध्ये वूस्टरशरविरुद्ध ३७१ केल्या त्याने, क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा डाव, जस्टिन लँगरच्या ३४२ च्या पुढे. त्याला चार दिवस मिळाले म्हणून कळलं तो किती मोठा आहे.

"बघायला कोणी येत नाही" हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कसे येतील? जवळपास निम्म्या मॅच एप्रिल-मेमध्ये. अंगात दोन स्वेटर, वर जाकीट, मांडीवर ब्लँकेट, तरी थर्मासचं झाकण उघडायला बोटं वळत नाहीत. नोकरी करणाऱ्याने किती रजा टाकायच्या? मग जून-जुलैचं सोन्यासारखं ऊन बहुतेक ब्लास्टला, ऑगस्ट बराचसा हंड्रेडला, म्हणजे त्या शंभर-शंभर बॉलच्या स्पर्धेला, आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये, संध्याकाळी लवकर अंधारायला लागलं की, या चॅम्पियनशिप खेळायला! ताटात शिळी भाकरी वाढायची आणि पाहुणा जेवत नाही म्हणून गावभर सांगायचं, असला हा प्रकार.

या वेळापत्रकाने स्पिनर मारले, ते वेगळंच. एप्रिलच्या ओल्या पिचवर एका संघात दोन स्पिनर कोण खेळवणार? आमचा स्पिनर शोएब बशीर इंग्लंडकडून कसोट्या खेळत होता आणि आमच्याकडे दुसरा स्पिनर जॅक लीच याच्या मागे त्याला जागा नव्हती. २०२४ ला वूस्टरशरला उसना दिला, २०२५ ला ग्लॅमॉर्गनला. आणि मग भारतात येऊन इंग्लंडला फिरकी खेळता येत नाही, टाकता येत नाही, याच्या चर्चा करायला सगळे मोकळे!

हंड्रेडचं तर नावच काढू नका. आठ संघ, त्यात सॉमरसेटला काय, आमच्या आख्ख्या नैर्ऋत्य इंग्लंडला एक मैदान नाही. म्हणे कार्डिफच्या टीमला आपलं माना. खाडीपलीकडच्या टीमला मी का आपलं मानू? पोरं आमच्या अकादमीत वाढवायची आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्यांच्या कपड्यांत बघायची. उरलेल्यांना घेऊन वनडे कप खेळायचा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नॉर्दॅम्प्टनला आपल्या पृथ्वी शॉने आमच्याच बोलर्सना धुऊन १५३ बॉलमध्ये २४४ केल्या. त्या दिवशी ठाण्याच्या भावाचे मेसेजवर मेसेज, "बघ, आपला पोरगा!" कौतुक मलाही होतं, पण बॉलिंग करणारेही माझेच होते, हे त्याला कोण समजावणार? तोच भाऊ सॉमरसेटला "तुझा गावचा क्लब" म्हणतो. अरे बाबा, व्हिव रिचर्ड्स, बोथम, गार्नर एका वेळी या गावच्या क्लबात होते. आणि १९८० मध्ये व्हिव वेस्ट इंडीजबरोबर दौऱ्यावर होता, तर त्याच्या जागी कोण आलं होतं? आपले सुनील गावसकर! हे माहीत नसतं आणि बोलायला पुढे.

तिकडे भारतातही आता तेच चाललंय. रणजीचे दोन तुकडे केले, मधे टी-ट्वेंटी आणि वनडे घुसवले. अर्ध्यात लय तुटते, मग म्हणायचं पोरांमध्ये संयम नाही.

शनिवारी त्या माणसाला मी २०२४ ची सरेची मॅच सांगायचा प्रयत्न केला. सरे, सलग तीनदा चॅम्पियन झालेली ती टीम. टॉन्टनला शेवटच्या दिवशी त्यांना हव्या होत्या २२१, ३ बाद ९५ वर आरामात ड्रॉ काढत होते. तिथून १०९ ला सगळे आऊट! सात विकेट, १४ रन. लीचला पाच, आर्ची वॉन नावाच्या कोवळ्या पोराला पाच, मॅचमध्ये अकरा. शेवटची विकेट पडली तेव्हा घड्याळात मोजकी मिनिटं उरली होती आणि बॅटभोवती सगळी टीम उभी होती. त्याच आठवड्यात आपण ब्लास्टची फायनल हरलो, मग वनडे कपचीही, मग चॅम्पियनशिपही गेली. तीन ट्रॉफ्या दिसत होत्या, हातात एकही नाही. तरी त्या वर्षातलं लोकांना काय आठवतं? टॉन्टनमध्ये कोणालाही विचारा, ती सरेची संध्याकाळ सांगतील.

त्याने ऐकून घेतलं. फोनवर कोणीतरी सिक्स मारला, तिकडे बघितलं आणि म्हणाला, "हायलाइट्स असतील ना याच्या? लिंक पाठवा."

पाच ओव्हरच्या त्या सापळ्याची कुठली लिंक असते? तीन बॉल दाखवतील, विकेट दाखवतील, मिरवतील. आधीच्या सत्तावीस डॉट बॉलशिवाय त्या विकेटला अर्थ काय?

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये काउंट्यांनी चौदाच्या चौदा मॅच ठेवायचं ठरवलं, तेवढं बरं झालं. पण नुसता आकडा राखून काय उपयोग, महिने तेच राहणार असतील तर? सभासदांच्या सभेला मी जाणार आहे आणि उभं राहून बोलणार आहे. जून, जुलै, ऑगस्टमध्ये आणखी मॅच द्या. शुक्रवारी सुरू करा, म्हणजे शनिवार-रविवार पोरांना घेऊन येता येईल. दोन उन्हाळे हे करून बघा. त्यानंतर स्टँड रिकामे दिसले तर मॅच कमी करायचं बोला. तोवर त्या चौदाला कोणी हात लावायचा नाही.