‘युरोपचा हवामान आराखडा फसला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस ठाणे आणि नवी मुंबईतल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आधी वागळे इस्टेटच्या ग्रुपवर आला, मग रबाळे एमआयडीसीच्या, मग सोसायटीच्या. मजकूर थोडक्यात असा: युरोपातल्या २७ देशांनी एकत्र बसून २०५० पर्यंतचा हवामान-ऊर्जा आराखडा आखला आणि तोंडावर आपटले. आपल्या सोसायटीत पार्किंगवर एकमत होत नाही, तिथे २७ देशांचं काय होणार? जर्मनी परत कोळशावर आली, स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले. पंचवीस वर्षांनी काय होणार हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. आणि या फसलेल्या बेताचं बिल आता सीबॅम नावाने (युरोपात येणाऱ्या पोलादासारख्या मालावर, तो बनवताना झालेल्या धुरानुसार लागणारं शुल्क) आपल्या नट-बोल्टवाल्यांच्या माथी. तळाला अर्थातच ‘जागे व्हा, पुढे पाठवा’.

राग काही ठिकाणी रास्त आहे. मुद्दे मात्र बहुतेक वाकडे आहेत.

‘२७ देशांचं एकमत होणार कसं?’

एकमत लागतच नाही. युरोपीय संघात हवामान आणि ऊर्जेचे बहुतेक कायदे विशेष बहुमताने होतात: किमान ५५ टक्के देश आणि त्यांच्यात मिळून संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या. एकमताची अट मुख्यतः करांना आहे. वीज अणूपासून करायची, वाऱ्यापासून की कोळशापासून, हे ज्याचं त्याने ठरवायचं. डिसेंबर २०१९ मध्ये २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याच्या उद्दिष्टाला पोलंडने हात आखडता घेतला, तरी २०२१ मध्ये हवामान कायदा झालाच.

आणि सोसायटीचाच दाखला द्यायचा तर पुनर्विकासाचा ठरावही बहुमतानेच होतो, आणि सगळ्यांना सारखी जागा मिळत नाही. तिकडेही ओझं सारखं वाटलेलं नाही. वाहतूक, इमारती, शेती यांतलं उत्सर्जन २०३० पर्यंत २००५ च्या तुलनेत किती घटवायचं? जर्मनी, डेन्मार्क, स्वीडनने ५० टक्के. पोलंडने १७.७. बल्गेरियाने १०. ही वाटणी मुख्यतः दरडोई उत्पन्न बघून केली आहे. देश सारखे नाहीत म्हणूनच तर एकत्र बसावं लागलं.

‘जर्मनी कोळशावर परतली’

२०२२ मध्ये, हो. रशियाचा गॅस आटला, त्याच वर्षी फ्रान्सच्या अणुभट्ट्या दुरुस्तीसाठी मोठ्या संख्येने बंद होत्या, म्हणून राखीव ठेवलेली कोळशाची युनिटं जर्मनीने पेटवली. मेसेज इथे थांबतो. पुढच्याच वर्षी तिथली कोळशाची वीज झपाट्याने उतरली आणि मार्च २०२४ अखेर त्या युनिटांपैकी बरीच कायमची बंद झाली. २०२४ मध्ये अख्ख्या युरोपीय संघाच्या विजेत सौरऊर्जेचा वाटा ११ टक्क्यांवर गेला, कोळशाचा १० टक्क्यांच्या खाली आला.

खरी चूक वेगळीच होती, आणि मेसेजवाल्याला ती दिसलेली नाही. २०२१ मध्ये संघाच्या आयात गॅसपैकी सुमारे ४५ टक्के एकट्या रशियाकडून येत होता. आराखड्यात धुराचा हिशोब चोख होता, गॅस विकणारा कोण याचा नव्हता. पूर्वेकडचे देश ओरडत होते. लिथुआनियाने तर २०१४ मध्येच क्लाइपेदा बंदरात जहाजांनी येणारा गॅस उतरवायला ‘इंडिपेंडन्स’ नावाचं तरंगतं टर्मिनल आणून उभं केलं होतं. बर्लिनने ऐकलं नाही. याबद्दल बोल लावायचाच असेल तर जरूर लावा.

‘कारखाने आशियात हलवले म्हणून त्यांचे आकडे कमी दिसतात’ हेही मेसेजमध्ये एका ओळीत आहे. ते थोडं खरं आहे. १९९० च्या तुलनेत २०२३ मध्ये संघाचं निव्वळ उत्सर्जन सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होतं, त्यात बाहेर गेलेल्या उत्पादनाचाही हात आहे. घोडबंदर रोड आणि पोखरण रोडवर कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिलेले बघणाऱ्या ठाणेकराला हे वेगळं सांगायला नको. पण आयात मालाचा धूर त्यांच्या खात्यात धरला तरी घट उरतेच.

‘स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले’

२८ एप्रिल २०२५ ला गेले. ग्रिडमधलं व्होल्टेज आवाक्याबाहेर चढलं आणि वीजकेंद्रं एकामागून एक सुटत गेली. पण वीज परत आली ती शेजाऱ्यांच्या आधाराने: फ्रान्स आणि मोरोक्कोकडच्या जोडलाइनींवरून पुरवठा घेऊन. स्पेन-फ्रान्स जोड मुळात तोकडी आहे. प्रत्येक देशाची जोडक्षमता, म्हणजे शेजाऱ्यांशी वीज देण्या-घेण्याची ताकद, २०३० पर्यंत त्याच्या वीजनिर्मिती क्षमतेच्या १५ टक्के व्हावी असं ठरलंय, स्पेन त्याच्या जवळपासही नाही. बिस्केच्या उपसागरातून जाणारी केबल ती जोड २,८०० वरून ५,००० मेगावॉटवर नेणार आहे, पण काम अजून चालूच आहे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाचा सुमार. पडघा-कळवा पट्ट्यातल्या ४०० केव्ही लाइनी एकापाठोपाठ सुटल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम थंड. लोकल जागच्या जागी उभ्या, कोविड रुग्णालयं जनरेटरवर. बाहेरून वीज आणणाऱ्या वाटा मोजक्या होत्या. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्ही लाइन कागदावर कधीची होती, सुरू झाली २०२३ मध्ये. लांबचा विचार केला म्हणून दिवे गेले नव्हते. ठरलेली लाइन वेळेत उभी राहिली नव्हती.

‘पंचवीस वर्षांनी काय होणार हे कोणाला कळतं?’

कोणालाच नाही, आणि आराखडा तसा दावाही करत नाही. २००७ मध्ये ठरलं: २०२० पर्यंत उत्सर्जन २० टक्के कमी. २०१४ मध्ये २०३० साठी ४० टक्के, २०२१ च्या कायद्यात तेच ५५ टक्के. अक्षय ऊर्जेचं २०३० चं लक्ष्य २७ वरून ३२ आणि २०२३ मध्ये ४२.५ टक्क्यांवर गेलं. प्रत्येक देशाने दहा वर्षांची योजना द्यायची, मध्यात ती सुधारायची, दर दोन वर्षांनी प्रगती सांगायची. यात भविष्यकथन कुठे आहे?

फजितीही झाली. २००५ मध्ये कार्बन परवान्यांचा, म्हणजे कारखान्यांना धूर सोडायला लागणाऱ्या परवान्यांचा, बाजार सुरू केला, परवाने इतके सढळ वाटले की २००७ अखेर भाव जवळपास शून्यावर आला. पुढेही बरीच वर्षं तो दहा युरोच्या खाली रेंगाळला. मग जादा परवाने बाजूला काढणारा राखीव साठा २०१९ पासून लागू केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये भावाने शंभर युरो गाठले.

‘बिल आपल्या माथी’

इथे मेसेजवाल्याशी माझं निम्मं पटतं. हवेत आधी धूर सोडलेल्यांनी जास्त भार उचलायचा हे १९९२ पासून मान्य झालेलं तत्त्व आहे, आणि सीबॅम त्याला बगल देतो. भारताने हा आक्षेप जागतिक मंचांवर घेतलाय, तो बरोबरच आहे. पण आक्षेप घेऊन रबाळ्यातल्या बोल्टवाल्याचं काम भागत नाही.

त्याच्याकडे युरोपातल्या ग्राहकाकडून एक एक्सेल शीट येते. ७३१८ या नट-बोल्टच्या कस्टम कोडखाली किती टन माल. वायर रॉड कुठल्या मिलचा, झोतभट्टीचा की भंगार वितळवून केलेला. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला इंधन काय, किती. मालक दुसऱ्या पिढीचा, भट्टीचं गॅस बिल त्याच्या फाइलला आहे. मिलचा आकडा मात्र नाही, कारण रॉड तो कळंबोलीच्या व्यापाऱ्याकडून घेतो. आकडा नसला की वाढीव ‘गृहीत’ मूल्य लागतं. सीबॅमचं सर्टिफिकेट विकत घ्यायचं असतं तिकडच्या आयातदाराने, पण तो दर पाडून मागतो. ज्या आयातदाराचा असा माल वर्षाला ५० टनांच्या आत आहे, त्याला सूट आहे, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

दुसरं म्हणजे, भार एका झटक्यात येत नाही. शुल्काचा किती हिस्सा कधी लागणार याचं वेळापत्रक कायद्यात छापलेलं आहे: २०२६ ला २.५ टक्के, २०२८ ला १०, २०३० ला ४८.५, २०३४ ला पूर्ण १००. त्यांच्या स्वतःच्या पोलाद कारखान्यांना मिळणारे फुकट परवाने त्याच पायऱ्यांनी बंद होतात. भट्टी कधी बदलायची, मिलकडे प्रमाणपत्राचा तगादा कधी लावायचा, कर्ज कितीचं काढायचं, हे आपला माणूस आज ठरवू शकतो ते या तारखांमुळे. शिवाय इथे भरलेली कार्बनची किंमत तिथे वजा होते, त्यामुळे २०२३ मध्ये अधिसूचित झालेली आपली कार्बन क्रेडिट व्यापार योजना किती लवकर अमलात येते याकडे लघुउद्योगांच्या संघटनांनी डोळे लावून बसायला हवं.

‘आपल्याकडे असलं काही होणे नाही’

सार्क देशांनी विजेच्या सहकार्याचा करार २०१४ मध्ये काठमांडूत केला आणि तो बराच काळ पडून राहिला, हे खरं. पण १५ नोव्हेंबर २०२४ ला नेपाळची जलविद्युत भारताच्या तारांवरून बांगलादेशात पोचली. ४० मेगावॉट फक्त, ऐरोलीतल्या एखाद्या मोठ्या डेटा सेंटरला लागेल एवढी. तिचा दर, वहनाचा आकार आणि मीटर कुठे बसवायचा हे तीन देशांनी मिळून ठरवलं.