'जर्मनीत एमएस फुकट' वाला फॉरवर्ड आणि त्यात न सांगितलेलं बरंच काही

इंजिनिअरिंगचे निकाल लागायला लागले की हा मेसेज परत फिरायला लागतो, फॅमिली ग्रुप, सोसायटी ग्रुप, सगळीकडे. मजकूर साधारण असा: जर्मनीत शिक्षण १०० टक्के मोफत, मार्क चांगले असले की अ‍ॅडमिशन पक्की, जर्मन यायची गरज नाही, एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारं अर्जासोबतचं पत्र) रेडीमेड मिळेल, राहण्याखाण्याचा खर्च पार्ट टाइममधून निघतो, आणि आमची कन्सल्टन्सी पूर्णपणे फ्री. एकेक बघू.

मोफत? बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत ट्यूशन फी नाही हे खरं आहे, तेवढं मान्य. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडलबर्ग वगैरे, २०१७ पासून आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही (टीयूएम) २०२४-२५ पासून फी लावली, मास्टर्सला बहुतेक ठिकाणी सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो. आणि आपली पोरं यादी करताना पहिली नावं हीच लिहितात! शिवाय एपीएस सर्टिफिकेटचे (आपली डिग्री-मार्कशीट खरी असल्याची जर्मन तपासणी) १८,००० रुपये, युनि-असिस्टमार्फत (बऱ्याच युनिव्हर्सिट्यांचे अर्ज तपासून पुढे पाठवणारी संस्था) अर्ज केला तर पहिल्याला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरसाठी पुढच्या प्रत्येकाला ३०.

मार्कांचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. तिकडे १ म्हणजे बेस्ट आणि ४ म्हणजे काठावर पास, आणि आपले मार्क एका फॉर्म्युल्याने त्यात बदलतात: कमाल मार्कांतून आपले वजा करायचे, त्याला कमाल वजा पासिंगने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. म्हणजे दहापैकी ८ सीजीपीए आणि पासिंग ४ असेल तर २.० येतो, पासिंग ५ धरलं तर तोच मुलगा २.२ वर जातो. पण खरी गोची पुढेच आहे. बऱ्याच कोर्सना तुमचं बीई त्यांच्या बॅचलरशी किती जुळतं ते बघतात, गणिताचे इतके क्रेडिट, थिअरेटिकल कॉम्प्युटर सायन्सचे इतके, असं अगदी मोजून. मेकॅनिकलवाल्याने ९ सीजीपीएवर इन्फॉर्मेटिक्सला (म्हणजे कॉम्प्युटर सायन्सला) अर्ज टाकला आणि रिजेक्ट झाला तर त्यात नवल काही नाही, विषयच नाहीत त्याच्याकडे. म्हणून वीस ठिकाणी अर्ज मारण्यापेक्षा कोर्सच्या पेजवरच्या अटी आणि आपला सिलॅबस शेजारी शेजारी ठेवून बसा, कंटाळवाणं काम आहे, पण निकाल बऱ्याचदा इथेच लागतो.

रेडीमेड एसओपीबद्दल काय बोलणार. 'लहानपणापासून मला मशीन्सची आवड होती' हे वाक्य वाचून वाचून अ‍ॅडमिशनवाले थकले असतील. काही ठिकाणी तर हे मी स्वतः लिहिलंय असं लिहूनही द्यावं लागतं.

भाषेचं म्हणाल तर इंग्लिशमधले मास्टर्स भरपूर आहेत, डाडच्या (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांसाठीची जर्मन संस्था) वेबसाइटवर भाषेचा फिल्टर लावून सगळे दिसतात. पण बॅचलर बहुतेक जर्मनमध्येच, आणि ज्या पार्ट टाइमच्या भरवशावर निघालाय तिथे गिऱ्हाईक तुमच्याशी इंग्लिशमध्ये बोलेलच असं नाही.

आणि पार्ट टाइम तरी कधी? व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो आधीच भरलेले लागतात, म्हणजे साधारण बारा लाख रुपये, तिकडे पाय ठेवायच्या आधी. पैसे आपलेच असतात, महिन्याला ९९२ युरो परत हातात येतात, पण एकदम उभे करायचे घरच्यांनीच ना. कामाला वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मर्यादा आहे, आणि परीक्षेच्या महिन्यात कितीजण शिफ्ट करू शकतात ते तिकडच्या कुठल्याही सिनिअरला विचारा.

राहिली फ्री कन्सल्टन्सी. सरकारी युनिव्हर्सिट्या एजंटला कमिशन देत नाहीत, बऱ्याच खासगी देतात, आता फ्री कसं परवडतं ते तुम्हीच जोडा. अर्ज पोर्टलवर स्वतः भरता येतो. वेळ खातात ती कागदपत्रं, ट्रान्सक्रिप्ट, आयईएल्ट्स आणि एपीएस. एपीएस २०२२ च्या नोव्हेंबरपासून व्हिसासाठी कम्पल्सरी झालंय आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्या ते अर्जासोबतच मागतात, त्यामुळे ऑफर आल्यावर बघू असं चालत नाही. हिवाळी सेमिस्टरची शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असली तरी कित्येक इंग्लिश कोर्स मार्च ते मेमध्येच बंद होतात. एवढं करूनही कन्सल्टन्सीत जायचंच असेल तर जा, फक्त त्यांच्या यादीत सरकारी युनिव्हर्सिट्या किती आहेत ते आधी मोजा.