'द लाँग हॅलोवीन'ला दोन स्टार देणाऱ्या ग्राहकाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला, पूर्ण वाचला. तक्रार थोडक्यात अशी की आमच्या काउंटरवरच्या मुलाने "मर्डर मिस्ट्री आहे, घ्या बिनधास्त" म्हणून बॅटमॅनचं 'द लाँग हॅलोवीन' हे कॉमिक तुमच्या हातात दिलं आणि घरी जाऊन बघता तर सुरुवात 'गॉडफादर'वरून ढापलेली, प्रत्येक भागात तेच ते, माफिया फॅमिलीतली नावं डोक्यात राहत नाहीत, आणि एवढं करून शेवटी खुनी नक्की कोण ते धड कळत नाही. दुकानात पंखा एकच आहे आणि पार्किंग नाही हे लिहिलंत, त्यावर माझं काही म्हणणं नाही, पण पुस्तकाबद्दल गप्प बसवत नाही म्हणून लिहितोय.

ढापलेलं म्हणताय, पण चोर निदान लपवतो तरी. इथे लेखक जेफ लोब आणि चित्रकार टिम सेल यांनी सगळं उघड केलंय. १९७२ च्या त्या सिनेमाची सुरुवात लग्नाने होते, इथेही डॉनच्या भाच्याचं लग्न, पहिलं वाक्यसुद्धा मुद्दाम त्या सिनेमाच्या पहिल्या वाक्याच्या चालीवर, आणि बाहेर पार्क केलेल्या पाहुण्यांच्या गाड्यांचे नंबर लिहून घेण्याचा प्रकारही तिथलाच, फक्त इथे ते काम सरकारी वकील हार्वी डेंट करतो आणि त्यापायी मार खातो. माफियाची गोष्ट लग्नाने सुरू करण्यात फायदा हा की सगळे एकाच छताखाली येतात, कोण कोणापुढे वाकतो, कोण कोणाकडे बघत नाही, ते न सांगता कळतं. ब्रूस वेनला, म्हणजे मुखवट्याबाहेरच्या बॅटमॅनला, आमंत्रण का, तर डॉन कार्माइन फाल्कोनेला स्वतःचा पैसा फिरवायला बँक हवीय. हे कॅप्शनमध्ये लिहून सांगितलं असतं तर तुम्हीच बोअर म्हणाला असता.

नावांचं म्हणाल तर तेवढं अवघड नाही हो. कार्माइन म्हणजे 'द रोमन', कार्ला त्याची बहीण, पहिल्याच हॅलोवीनला मरतो तो जॉनी विटी तिचा मुलगा, अल्बर्टो आणि सोफिया ही रोमनची मुलं. समोरच्या पार्टीत साल मरोनी आणि त्याचा बाप लुईजी. बास. (फाल्कोने १९८७ च्या 'इयर वन' या बॅटमॅनच्याच कॉमिकमधून आलाय, ते आधी वाचलं तर हा माणूस शहरात किती मुरलाय ते लक्षात येतं, पण कंपल्सरी नाही.)

आता 'तेच ते'. हे पुस्तक म्हणून लिहिलेलंच नाहीये सर, १३ अंक होते, कव्हरवर डिसेंबर १९९६ ते डिसेंबर १९९७, महिन्याला एक. प्रत्येक अंकात एक सण, प्रत्येक सणाला तोच प्रकार, .२२ चं पिस्तूल, सायलेन्सर म्हणून बाळाच्या बाटलीचं बूच, आणि मागे ठेवलेली त्या सणाची एखादी वस्तू. ते पालुपद आहे, ते मुद्दाम परत येतं, कारण एकदा तुम्हाला ठेका सापडला की मग तो कधी मोडतो याची धाकधूक लागते, आणि एप्रिल फूलच्या अंकात तो मोडतोच, रिडलर नावाच्या व्हिलनच्या आजूबाजूला गोळ्यांचा पाऊस पडतो आणि माणूस जिवंत. तुम्ही तेराच्या तेरा अंक एका रात्रीत संपवलेत असं तुम्हीच लिहिलंय, मग पालुपद टोचणारच की! दर महिन्याला नवा व्हिलन आणलाय हेही तुम्हाला खटकलं. थोडं मान्य, सॉलोमन ग्रंडी मलाही सजावटीपुरताच वाटतो, न्यू इयरचा जोकरही जरा ताणलाय. पण बाकीचे उगाच आलेले नाहीत. रोमन आधी या मुखवटेवाल्यांना वेडे समजून लांब ठेवत असतो, आणि मग माणसं मरायला लागली, पैसा जळाला, तसा तोच त्यांना कामाला लावतो, पॉयझन आयव्हीला, स्केअरक्रोला. म्हणजे घराणी, खानदानी दुश्मनी, अंत्ययात्रेला काळा सूट घालणारी जुनी गुन्हेगारी जातेय आणि तिच्या जागी वेडे येतायत, ही खरी गोष्ट आहे, खुनी कोण ते नंतर.

आणि रहस्य म्हणाल तर सगळ्यात मोठं रहस्य तर वाचकाला आधीच फुटलेलं असतं. हार्वीचं पुढे काय होणार हे बॅटमॅन वाचणाऱ्या पोरासोरांनाही माहीत, टू-फेस, म्हणजे व्हिलन झालेला हार्वीच, १९४२ पासून आहे, कोर्टात तोंडावर ॲसिड फेकलं जातं हेही तेव्हापासूनचं. लोबला ते माहीत आहे की तुम्हाला माहीत आहे. म्हणून बॅटमॅन, पोलिसांतला गॉर्डन आणि हार्वी गच्चीवर ठरवतात ना की कायदा वाकवू पण मोडायचा नाही, तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो, त्यांच्या नाही. बॅटमॅन वर्षभर खुन्यामागे धावतो आणि शेजारी उभा असलेला मित्र हातातून जातोय ते त्याला दिसत नाही. डिटेक्टिव्ह म्हणून तो इथे कमी पडतो, बरोबर पकडलंत, पण ते लेखकाच्या हातून निसटलेलं नाही, तेच लिहायचं होतं.

शेवटाबद्दल जपून लिहितो, इतर लोक वाचतात. एक जण पकडला जातो, कबुलीही देतो, आणि मग शेवटच्या पानांवर तळघरात एक व्यक्ती एकटीच काहीतरी वेगळं बोलते. ते खरं मानायचं की नाही यावर आमच्या दुकानात अजून भांडणं होतात. तुम्ही मात्र तुमच्या रिव्ह्यूत दोघांचीही नावं लिहून टाकलीत, ती ओळ प्लीज काढा, बाकीच्या शिव्या राहू द्या.

चित्रं 'अंधारी, रंग कमी' या मुद्द्यावर एवढंच सांगतो की टिम सेल रंगांध होते, रंग ग्रेगरी राइटने भरलेत, आणि सेलची सगळी मदार काळ्या शाईवर. तुमच्या कॉपीत छपाई खराब नाहीये. एकदा दिवसाउजेडी नुसती चित्रं बघत जा, डायलॉग न वाचता.

पैसे परत देता येणार नाहीत, वाचून झालेलं पुस्तक आहे आणि कोपरे दुमडलेत असं फोटोत दिसतंय. पण अर्ध्या किमतीत बदलून नक्की देऊ, हा नियम सगळ्यांना सारखाच आहे. पुढचा भाग 'डार्क व्हिक्टरी' शेल्फवर आहे, तो मात्र तुम्हाला मी स्वतःहून देणार नाही, त्यात फाल्कोनेंचे आणखी नातेवाईक आहेत. सोमवारी बंद असतं, बाकी कधीही या.